चौगुले सरांचा पासवर्ड

सरांचा डावा तळपाय माझ्या मांडीवर होता आणि उजवा रझियाच्या. दोघींच्या हातात एकेक काशाची वाटी होती, वाटीला खोबरेल होतं आणि आम्ही जीव खाऊन घासत होतो. सर आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. डोक्यावर पंखा, खिडकीवर ओली चादर आणि भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे अडीच.

"लागली काय गं झोप?" रझिया माझ्या कानात कुजबुजली.

"नाही," सरच म्हणाले.

"सर, तुम्ही बोलू नका. बोललं की झोप उडते."

"मग तुम्ही विचारू नका."

आतून इंदुकाकू ताट घेऊन आल्या. ताटात दहीभाताचा डोंगर होता. "हे खा आधी. अर्ध्या पोटी कुणाला झोप आलीय?"

"अगं, बारा वाजता जेवलोय की मी!"

"ते काळजीनं जेवलात. आता झोपेसाठी जेवा. आणि डोळे उघडू नका, मी भरवते."

बासष्ट वर्षांचे चौगुले सर डोळे मिटून 'आ' करून बसले आणि काकू त्यांना दहीभात भरवायला लागल्या. आम्ही दोघी पाय घासत होतो. त्या वेळी कुणी दारातून डोकावलं असतं तर म्हणालं असतं, मास्तरांचं शेवटचं चाललंय. खरं तर शेवटचं माझं चाललं होतं. पाच वाजायच्या आत सरांना झोप लागली नाही, तर माझा खो-खो संपणार होता.

आमचं प्रगती क्रीडा मंडळ आष्ट्यातलं. भूपाल चौगुले सर शाळेतून पी.टी.चे मास्तर म्हणून निवृत्त झालेले. मंडळाचे संस्थापक तेच, प्रशिक्षक तेच, सचिव तेच आणि सकाळी मैदानावर पाणी मारणारेही तेच. मंडळाचं ऑफिस म्हणजे त्यांच्या घराचा पुढचा सोपा. त्यात दोन कपाटं, एक आरामखुर्ची आणि टेबलावर एक कॉम्प्युटर. आदल्या वर्षीपासून स्पर्धांसाठी संघाची यादी कागदावर पाठवायची पद्धत बंद झाली होती. वेबसाइटवर मंडळाच्या नावानं आत शिरायचं आणि बारा मुलींची नावं भरायची. राज्य स्पर्धा ऑक्टोबरात परभणीला होती आणि तिच्या यादीची मुदत तीस सप्टेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत. आज तीस सप्टेंबर होता.

मी वैजयंता सुतार. नोव्हेंबरात मला अठरा पूर्ण होणार होती, म्हणजे कुमारी गटातलं हे माझं शेवटचं वर्ष. आबांनी घरी सरळ सांगून टाकलं होतं, "राज्याच्या संघात नाव आलं तर खेळ पुढं. न्हाईतर गप कॉलेज करायचं." आबा पेशानं सुतार. लाकडावर एकदा रेघ मारली की ती पुसत नाहीत, आणि बोलण्यातही तसंच. संघाची यादीच गेली नाही, तर राज्याच्या संघात नाव येणार कुठून?

आणि यादी अडली होती सरांच्या पासवर्डावर.

पासवर्ड ही वस्तू आष्ट्यात तेव्हा नवीनच आली होती आणि जो तो ती आपापल्या स्वभावाप्रमाणे वापरत होता. रझियाच्या भावाचं नेट कॅफे होतं. तिथं एका फळ्यावर अर्ध्या गावाचे पासवर्ड खडूनं लिहिलेले असायचे, तेही गिऱ्हाइकांच्याच आग्रहाखातर. आमच्या कॉलेजच्या क्लार्कनं मुलीचं नाव ठेवलं होतं. दुसरी मुलगी झाली तेव्हा तिला मोठेपणी वाईट वाटू नये म्हणून त्यानं तिचंही जोडलं. रझियानं तर पासवर्ड म्हणून 'पासवर्ड' हाच शब्द ठेवला होता. "कुणाच्या बापाच्या डोक्यात येणार नाही," असं तिचं म्हणणं.

सरांचा पहिला पासवर्ड होता स्कूटरचा नंबर. ती स्कूटर दिवसभर मैदानाच्या कडेला, नंबर सगळ्या गावाकडं करून उभी असायची. आदल्या वर्षी खालच्या आळीतल्या मंडळाच्या पोरांनी तो घातला, आमच्या यादीत शिरून एक नाव बदलून ठेवलं. जिल्हा स्पर्धेत पंचांनी माइकवरून पुकारलं, "कुमारी भूपाल आदगोंडा चौगुले, मैदानात यावं." मैदान पंधरा मिनिटं हसत होतं. सरांना ते फार लागलं.

तेव्हापासून त्यांनी नेम धरला. "माणसाला जागेपणी जे सुचतं ते दुसऱ्या माणसाला ओळखता येतं," ते म्हणायचे. "म्हणून जागेपणी सुचलेला पासवर्ड घ्यायचाच नाही." सरांची वामकुक्षी गावात प्रसिद्ध होती. झोप लागता लागता, धड इकडं नाही आणि धड तिकडं नाही अशा वेळी, त्यांना काहीबाही दिसायचं. कधी सनई ऐकत बसलेला बैल, कधी ओळख नसलेल्या बाईचं तोंड, कधी कानाशी कुणीतरी 'बासष्ट डबे' म्हणून जायचं. सर दचकून उठायचे आणि दिसलेलं घेऊन सरळ कॉम्प्युटरपाशी जायचे. तोच पासवर्ड. कागदावर उतरवायचा नाही, कारण लिहिला की फुटला.

त्या दिवशी सकाळी सर यादी भरायला बसले आणि पासवर्ड आठवेना. दोनदा अंदाजानं घातला, दोन्ही वेळा चुकला. 'पासवर्ड विसरलात का?' असं विचारणारी एक ओळ होती, तिच्यावर बोट ठेवलं तर म्हणाली, ईमेल बघा. ईमेलचा पासवर्ड त्याच कारखान्यातला माल. तोही विसरलेला. खो-खो संघटनेचा फोन सकाळपासून एंगेज. पाच चुका झाल्या की चोवीस तास कुलूप, आणि पाचांतल्या तीनच उरलेल्या.

"उपाय एकच," सर म्हणाले होते. "जिथं दिसला होता तिथं जाऊन परत बघायचा."

म्हणून ही वाटी आणि हा दहीभात.

सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण माझं हसणं अर्धंच होतं. कारण मलाही ऐकू यायचं. झोप लागायच्या वेळी कुणीतरी स्वच्छ आवाजात "वैजू" म्हणून हाक मारायचं. उठून बघावं तर कुणी नाही. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हते. आमच्या घरात चंद्राआत्या होती. आबांची थोरली बहीण. जतला दिली होती, आणि तिथं तिनं सासूला सांगितलं की मला कुणीतरी बोललेलं ऐकू येतं. वर्षाच्या आत परत पाठवली. मग देवऋषी झाले, अंगारे झाले, आणि बारा वर्षं झाली, आत्या घरातच होती. पाहुणे आले की आवाज खाली करून म्हणायचे, "तिला ऐकू येतं न्हवं?" लग्नाला नाही, जत्रेला नाही, चार लोकांत नाही. मला ऐकू येतं हे घरी कळलं, तर स्पर्धेची वाट बघायलाच नको होती. खेळ त्याच दिवशी बंद झाला असता.

दहीभात संपला. काकूंनी पदरानं सरांचं तोंड पुसलं.

"सर, उठवायचं कसं तुम्हाला?" रझियानं विचारलं. "तुम्ही म्हणताय काठावर उठवा. काठ कळणार कसा?"

सरांनी डोळे मिटूनच विचार केला. "मान पडली की समजायचं."

"मग मी मागं बसते. मान पडली की पाठीत खो."

सर खूश झाले. "बरोबर! पण लवकर दिलास तर फाऊल, आणि उशिरा दिलास तर मी पलीकडं गेलेला असणार. पलीकडनं काही आणता येत नाही. काठावर दे."

रझिया वाटी ठेवून उठली आणि खुर्चीमागं, मैदानातल्या पाटीवर बसल्यासारखी उकिडवी बसली. एक हात जमिनीला, नजर सरांच्या मानेवर. आमच्या संघात तिच्याइतका स्वच्छ खो कुणी देत नसे. आता दोन्ही पाय माझ्याकडं आले.

तीन वाजायला आले. सरांची मान हलली.

"खो!"

सर ताडकन बसले. "अगं, मी विचार करत होतो!"

"मग मान का हलवली?"

"विचार करताना हलते!"

पुन्हा आडवे झाले. या वेळी रझियानं धीर धरला. इतका धरला की सर घोरायला लागले. तिनं घाबरून दोन्ही हातांनी खो दिला तेव्हा ते "हजर!" म्हणून ओरडले आणि कुठं आहोत हे कळायला त्यांना मिनिटभर लागलं.

"गेलो होतो पलीकडं," ते खिन्न होऊन म्हणाले. "तिथं काही नव्हतं."

तिसऱ्या वेळी मात्र जमलं. मान पडली, खालचा ओठ सुटला, आणि रझियानं अगदी नेमका, दोन बोटांचा खो दिला.

"पोलीस!" सर डोळे विस्फारून म्हणाले. "पोलीस नळाखाली पेरू धुतोय! हाच! शंभर टक्के हाच!"

मी धावत टेबलाशी गेले आणि पोलीस, पेरू असं सगळं जोडून घातलं. लाल अक्षरं आली. चूक.

"मग तो आजचाच पोलीस असणार," सर म्हणाले.

आता दोन उरले. साडेतीन वाजले. तेलानं माझी बोटं सुरकुतली होती. दहीभात असून सरांना झोप येईना, कारण ते झोपेच्या मागं लागले होते, आणि मागं लागलं की कुठली झोप सापडतेय? काकूंना एक युक्ती सुचली. त्यांनी कपाटातून संघटनेची नियमावली काढली आणि मोठ्यानं वाचायला घेतली.

"नियम चार. पोटनियम अ. मैदानाची लांबी ही खांबापासून मोजावी. पोटनियम ब. खांब हा..."

दुसऱ्या पानावर काकूंचाच आवाज विरघळायला लागला. चौथ्या पोटनियमाला त्यांची मान पडली. त्याच वेळी सरांचीही पडली. रझिया बिचारी गोंधळली, कारण तिच्यापुढं एकदम दोन माना होत्या. तिनं उजव्या हातानं सरांना आणि डाव्या हातानं काकूंना खो दिला.

"हेडमास्तर!" सर ओरडले. "कुलकर्णी हेडमास्तर! तोंड दुधी भोपळ्याएवढं! हसतायत!"

"दूध!" काकू ओरडल्या आणि आत पळाल्या.

मी हेडमास्तर घातले. लाल अक्षरं. आता एकच उरला.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सर खुर्चीवरून उतरून खाली, माझ्यासमोर बसले. मैदानावर आरडाओरडा करणारा तो माणूस एवढ्या हळू बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"वैजू, चूक माझी आहे गं. दुसऱ्यानं ओळखू नये म्हणून मी एवढा खटाटोप केला, आणि शेवटी मलाच ओळखता येईना. आबांना मी येऊन सांगतो. पाया पडतो त्यांच्या."

मला रडू यायला लागलं होतं. तेवढ्यात मागून रझियाच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. ती हसू दाबत होती.

"सर," ती कशीबशी म्हणाली, "पण पोलीस पेरू का धूत होता?"

आधी मी फुटले, मग सर. सर हसले की त्यांचं पोट हसायचं, खांदे हसायचे, तेल लावलेले पायसुद्धा हसायचे. काकू आतून आल्या त्या विचारतच, "काय झालं? मिळाला?" आणि आम्ही तिघं जमिनीवर लोळतोय हे बघून त्याही हसायला लागल्या, काय झालं ते न कळताच.

"तुम्हाला काय झालं होतं हो काकू?" रझियानं डोळे पुसत विचारलं. "दूध म्हणून का पळालात? गॅस तर बंद होता."

"अगं ते नेहमीचंच. जरा डोळा लागतोय न लागतोय तोच कुणीतरी माझ्या माहेरच्या नावानं हाक मारतं, 'सुशे, दूध उतू चाललं.' तीस वर्षं झाली. दर वेळी उठून बघते मेली."

माझं हसू तिथंच थांबलं. "काकू, तुम्हाला ऐकू येतं?"

"येतं की."

"कुणाला सांगितलंत?"

"यांना सांगितलं होतं."

"मग सर काय म्हणाले?"

"म्हणाले, मग बघ की दूध."

रझिया म्हणाली, "मी रोज पायरी चुकते. झोप लागता लागता जिन्यावरनं पडते आणि लाथ झाडते. दादानं त्यापायी वेगळं अंथरूण घातलंय."

"पुष्कळांना होतं ते," सर म्हणाले. "मी मिरजेच्या डॉक्टरांना मुद्दाम विचारलं होतं. ते म्हणाले, झोपेच्या काठावर दिसलं, ऐकू आलं, तर खुशाल झोपा. जागेपणी झालं तर माझ्याकडं या."

मी सरांच्या तोंडाकडं बघत राहिले. एवढं साधं होतं? एवढं साधं, आणि मी रोज रात्री उशी कानावर दाबून झोपत होते? मला हसावं की रडावं कळेना. एका बाजूला रझिया बसली होती. तिचं घर आमच्या भिंतीला लागून, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण सगळे जण असं खुशाल सांगत असताना माझ्यानंच गप्प राहवेना.

"मलापण येतं," मी म्हणाले.

"काय येतं?"

"ऐकू. कुणीतरी हाक मारतं. मला वाटायचं, मी चंद्राआत्यासारखी होणार."

आत्याचं सगळ्यांना माहीत होतं. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना.

"नुसती हाक होती तोवर मी सोसत होते, काकू. पण मागच्या पंधरवड्यात कहरच झाला. सरावानंतर मी इथंच बाहेर खिडकीखालच्या कट्ट्यावर दमून पडले होते. डोळा लागतोय तोच एक पुरुषाचा आवाज आला. अगदी खणखणीत, एकेक अक्षर तोडून. म्हणाला, वरणात चष्मा. एकोणीस. आणि परत एकदा म्हणाला, वरणात चष्मा. एकोणीस. मी इतकी घाबरले की एकोणीस तारखेला घरातून बाहेरच पडले नाही."

"त्या दिवशी तुझं पोट दुखत होतं न्हवं?" रझिया म्हणाली.

"खोटं होतं ते! मला वाटलं, एकोणीसला माझं काहीतरी..."

सर उभे राहिले. पाय तेलानं निथळत होते, फरशी गुळगुळीत होती. त्यामुळं ते उभे राहिले आणि तसेच, एक पाऊलही न उचलता, घसरत टेबलापर्यंत गेले.

"माझा आहे तो!" टेबल धरून ते ओरडले.

"काय तुमचा आहे?"

"आवाज! आणि चष्मापण माझाच! वरणाच्या वाटीत तरंगत होता!"

खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या डोक्यात लगेच प्रकाश पडला नाही. आधी रझियाच्या पडला. सर उतारवयात टायपिंग शिकलेले. एका बोटानं एकेक अक्षर शोधायचे, आणि सापडलं की ते मोठ्यानं म्हणत दाबायचे. चाळीस वर्षं मैदानावर घालवलेल्या माणसाचा आवाज तो. पासवर्ड ठरल्यावर दोनदा घालावा लागतो, म्हणून दोनदा म्हणाले. ज्या पासवर्डासाठी त्यांनी चिठ्ठीसुद्धा ठेवली नव्हती, तो खिडकी उघडी टाकून गल्लीला ऐकवला होता.

म्हणजे माझ्या डोक्यात नव्हतंच ते. बाहेर होतं. खरं होतं. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी सरांच्याच खुर्चीत जाऊन बसले.

काकू मात्र हसत नव्हत्या. कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "म्हणजे ते माझ्या वरणाला नव्हतं?"

"काय?"

"मला आत ऐकू आलं ते! मला वाटलं, वरण पातळ झालं म्हणून तुम्ही चारचौघांत माझी चेष्टा करताय. म्हणून पंधरा दिवस वरण केलं नाही मी. आमटीवर ठेवलंय तुम्हाला!"

"मी म्हटलं, बदल म्हणून करतेस," सर म्हणाले.

"म्हणजे काकूंनापण माहीत होता?" मी विचारलं. "मला माहीत होता, काकूंना माहीत होता, फक्त..."

"भांडण नंतर!" रझिया किंचाळली. "साडेचार झाले!"

आम्ही चौघं टेबलाभोवती गोळा झालो. एकच संधी उरली होती. सर बोट पुढं करत होते, रझियानं त्यांचा हात धरून मागं ओढला आणि स्वतः बसली.

"आधी वरण की आधी चष्मा?" तिनं विचारलं.

"वरणात चष्मा!" सर म्हणाले. "चष्म्यात वरण कसं असेल?"

"हळू बोला हो," काकू म्हणाल्या. "खालच्या आळीला ऐकू जाईल."

रझियानं घातलं. एकोणीस आकड्यांत घातले. मग तिनं माझ्याकडं बघितलं. "तू दाब. आवाज तुला आला होता."

मी डोळे मिटून बटण दाबलं. काहीच होईना. ते गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मी मनात पोटनियम अ, पोटनियम ब म्हणत राहिले. मग काकूंनी माझ्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला की मी डोळे उघडले. पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, प्रगती क्रीडा मंडळ, आपलं स्वागत आहे.

बारा नावं भरायला सतरा मिनिटं लागली, कारण सर अजूनही एकेक नाव पुकारत होते आणि आम्ही ते हजेरीसारखं ऐकत होतो. पहिलं त्यांनी पुकारलं, "वैजयंता सुतार, कर्णधार." ते मला तोवर सांगितलं नव्हतं. चार वाजून एकोणपन्नास मिनिटांनी यादी गेली. काकूंनी लगेच वरणाला कुकर लावला.

आम्ही दोघी धावतच घरी निघालो. वाटेत मी रझियाला शपथ घातली. पोलीस सांग, दुधी भोपळा सांग, पण माझं काही सांगू नकोस. तिनं गळ्याची आण घेतली.

आमच्या अंगणात आबा चहा पीत होते. आई पीठ चाळत होती. आत्या जोत्यावर बसून शेंगा फोडत होती. रझियानं उभ्याउभ्याच सुरुवात केली. ती सांगायला लागली की हातवाऱ्यांनी सांगते. सर होऊन आडवी झाली, काकू होऊन पळाली, स्वतः होऊन खो दिला. आबा मोठ्यानं हसणारे नव्हेत, पण पोलिसापाशी त्यांना चहाचा ठसका लागला. आईनं चाळण बाजूला ठेवली. आत्यासुद्धा हसत होती. आणि त्या भरात रझिया आपली आण विसरली.

"आणि काका, शेवटी पासवर्ड कुणी सांगितला म्हणताय? वैजूनं! तिलापण ऐकू येतं!"

रझियानं जीभ चावली, पण आता काय उपयोग? आबांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, संपलं. आता रेघ मारणार.

"झोपतानाच येतं, आबा," मी घाईघाईनं म्हणाले. "झोप लागता लागता. काकूंनापण येतं. सरांनापण. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, पुष्कळांना होतं. जागेपणी झालं तरच या म्हणाले."

आबांची नजर जोत्याकडं वळली. मग त्यांनी विचारलं, मला नव्हे, आत्याला.

"आक्का, तुला कवा ऐकू येतं गं? जागी असताना का झोपताना?"

"जागेपणी कुणाला ऐकू येतंय, खुळ्या?" आत्या शेंग फोडत म्हणाली. "झोप लागता लागता. अजूनबी येतं. परवा कुणीतरी 'वांगी घ्या' म्हणून ओरडलं."

"मग तसं सांगितलं का न्हाईस?"

"सासूनं इचारलं, ऐकू येतं का? मी म्हणाले, येतं. देवऋषानं इचारलं, येतं का? म्हणाले, येतं. तूबी इचारलंस. खोटं कशाला बोलायचं?" तिनं दाणे सुपात टाकले. "कवा येतं, ते एकानं तरी इचारायचं हुतं की."

आबांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि तोंडावरून फिरवला. मग तो तोंडावरच धरून बसले. रझिया कधी निघून गेली ते मला कळलं नाही. सकाळपासून एवढं हसून झालं होतं, आणि आता मला आबांकडं बघवत नव्हतं.

टॉवेल खाली घेतल्यावर त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "वैजू, परभणीला कवा जायचं हाय?"

"अठरा ऑक्टोबरला, आबा."

"मी येणार. आक्काबी येणार."

आत्याचा हात सुपातच राहिला. "मी? तेवढ्या लोकांत?"

"व्हय. तेवढ्या लोकांत."

आत्या आळीपाळीनं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होती, कुणी हसतंय का म्हणून. कुणी हसत नव्हतं. मग तिनं मांडीवरची टरफलं झटकली आणि आईला म्हणाली, "शालन, माझ्या त्या हिरव्या साडीला फॉल लावायचा राहिलाय गं. बारा वर्षं झाली."

आई उठली आणि सुईदोरा शोधायला आत गेली.